सहीखालचे दोन ठिपके

बेल दोनदा वाजली, लांब. पथकाची बेल अशीच वाजते. दशरथने हातातला चहा टीपॉयवर ठेवला, मनातल्या मनात गावच्या देवाला नारळ कबूल केला आणि दार उघडलं.

दारात दोघं होते. पुढे मितेश, तिशीतला, जिन्याच्या अंधारातही काळा चष्मा न काढणारा. मागे खालच्या मजल्यावरचे सदूभाऊ, तीस वर्षं बँकेत चेकवरच्या सह्या ताडून निवृत्त झालेले. दोघांच्या अंगात दक्षता पथकाची खाकी जाकिटं. सदूभाऊंच्या खांद्याला कापडी झोळी. महिन्यापूर्वी हा माणूस आपणहून पथकात गेला, तेव्हापासून दशरथने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. वीस वर्षं ज्यांच्याबरोबर चहा प्यायला, त्यांनी असं करावं याचा त्याला मनापासून राग होता.

"दोन मिनिटांचं काम आहे काका," मितेश सोफ्यावर बसत म्हणाला. "चेअरमनसाहेबांवर आमचा विश्वास आहे, असं सगळे लिहून देतायत. तुमची फक्त सही पायजे."

पूनम सागर वसाहतीतल्या या सोसायटीत चौदा वर्षं निवडणूक झाली नव्हती. चेअरमनला कमिटीचा भरवसा वाटेनासा झाला, तेव्हा त्याने मर्जीतली पोरं गोळा करून पथक काढलं. नाव केलं चोरांचं. चोर काही सापडला नाही, रहिवासी मात्र एकेक सापडत गेले.

गेल्या महिन्यात निवडणूक घ्या म्हणून सरकारी कचेरीत अर्ज गेला. खाली पाच सह्या. त्याची झेरॉक्स चेअरमनच्या हाती कशी लागली, देव जाणे. तीन सह्या वाचता आल्या. शालनताईंच्या घरचं पाणी तेव्हापासून बंद आहे, गळती शोधायची म्हणून. रोहितच्या स्कूटरची सीट ब्लेडने फाडली गेली. तिसऱ्याने फ्लॅटला कुलूप लावून वसई गाठली. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, हे या इमारतीत कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

उरलेल्या दोन सह्या गिचमिड होत्या. त्या कोणाच्या, हे फक्त अर्ज फिरवणाऱ्या शालनताईंना ठाऊक, आणि त्या तोंड उघडत नव्हत्या. त्यांतली एक दशरथची होती. आयुष्यात एकदाच त्याने धाडस केलं, तेही लिफ्टची वाट बघताना, ताईंनी कागद पुढे केला म्हणून.

सदूभाऊंनी झोळीतून रजिस्टर आणि ती झेरॉक्स काढली. आतल्या खोलीत समिधाचं पाठांतर चाललं होतं. लेकीचा एम.ए.चा पेपर उद्यावर होता.

"हैतीच्या हुकूमशहाचा सैन्यावर विश्वास नव्हता. म्हणून त्याने स्वतःचं दल उभारलं. त्यातल्या बहुतेकांना पगार नव्हता, लोकांना लुबाडायची मोकळीक होती. काळे चष्मे ही त्यांची खूण. पोरांना झोळीत घालून नेणाऱ्या बागुलबुवाचं नाव लोकांनी त्यांना दिलं."

मितेशने चष्मा काढला. "हे कोणाबद्दल चाललंय?"

"पुस्तकातलं आहे," दशरथ घाईघाईने म्हणाला. "लांबचा देश आहे. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं सगळं."

"बोलवा तिला."

समिधा पुस्तकात बोट घालून बाहेर आली. मितेशने पानं चाळली. त्यांत चेअरमनचं नाव कुठे सापडेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं, आणि त्या खोलीत ते एकाच्याच मनात नव्हतं.

"पुढचं वाच," मितेश म्हणाला.

"लोक दलात का गेले? कारणे लिहा," समिधा वाचू लागली. "एक, कमाई. दोन, रुबाब. तीन, भीती. जो दलाबाहेर, त्याच्या दारात दल. म्हणून पुष्कळ साधी माणसंच आत गेली."

"आपल्याकडे असं नाय हां," मितेश हसला. "आपण सेवा करतो." सदूभाऊ हसले नाहीत. ते झोळीत पेन शोधत होते.

दशरथने तीन दिवस विजेच्या बिलांच्या पाठीवर नव्या सहीचा सराव केला होता. गोल, सुवाच्य, पूर्ण नाव. रजिस्टरात ती तशीच उतरलीही. त्याला हायसं वाटलं, आणि नेमका तिथेच हात गाफील राहिला. सहीखाली तिरकी रेघ आणि रेघेखाली दोन ठिपके. गुहागरच्या शाळेतल्या गुरुजींनी लावलेली सवय. ठिपक्यांशिवाय सही उघडी राहते, असं ते म्हणायचे. पेन उचललं तेव्हा ठिपके पडून गेले होते.

झेरॉक्सवर चौथ्या सहीखाली तीच तिरकी रेघ होती. तेच ठिपके, दुसरा पहिल्यापेक्षा मोठा.

सदूभाऊंनी खिशातून भिंग काढलं. दशरथला न्हाणीघरातल्या दोन बादल्या आठवल्या. त्या किती दिवस पुरतील, याचा तो हिशेब करू लागला. "चूक झाली, सही मागे घेतो" हे शब्द अगदी ओठांवर आले. लेकीसमोर ते बोलायची त्याला लाज वाटली, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती. त्याने तोंड उघडलं.

"जुळत नाही," सदूभाऊ म्हणाले.

मितेश वाकला. "ठिपके तर हायेत."

"मराठी शाळेतून आलेला दर दुसरा माणूस ठिपके देतो. बघायचं असतं ते अक्षराचं वळण. तीस वर्षं हेच केलंय मी. हा तो नाही."

मितेशने चष्मा चढवला आणि शेजारची बेल दाबायला गेला. सदूभाऊ सावकाश रजिस्टर झोळीत भरत राहिले. भिंग त्यांनी परत खिशात घातलं. दशरथ त्यांना दारापर्यंत सोडायला गेला.

"सदूभाऊ," तो हळूच म्हणाला, "का वाचवलंत मला?"

बाहेर बेल वाजली, दोनदा, लांब. सदूभाऊंनी जाकिटाचं वरचं बटण लावलं.

"पाचवी सही माझी आहे," ते म्हणाले. "जाकीट घातलेल्याची सही कोणी मागत नाही."