चौथा लॅब्राडोर

परीक्षकबाईंनी लॅब्राडोरचा ओठ वर करून दात पाहिले आणि विचारलं, "वय?" कुत्र्यांच्या प्रदर्शनाच्या रिंगणात मालकाला एवढंच विचारायचं आणि त्यानं तेवढंच सांगायचं, अशी रीत आहे.

"चार वर्षं," चष्मेवाला म्हणाला. "आणि मागचा डावा पाय सकाळी जरा आखडतो."

बाईंचा हात कुत्र्याच्या खांद्यावर थांबला. लोक दोष झाकतात. मान आखूड असली की पट्टा उंच ओढून धरतात, पाय वाकडा असला की मुद्दाम लांब टाकून उभा करतात, आणि बाईंनी हात फिरवून ते हुडकायचं. सगळा खेळ तोच. स्वतःच्या पायावर असा धोंडा मारून घेणारा त्यांनी पाहिला नव्हता.

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या या माणसाला रीत ठाऊक नव्हती. त्याला बाईंच्या मुलीशी लग्न करायचं होतं. बाई मात्र कित्येक महिने एकच सांगत होत्या, "त्याला बघायला सवड कुठाय? शनिवार-रविवार माझी प्रदर्शनं असतात." म्हणून त्यानं आपला कुत्राच प्रदर्शनात उतरवला. रिंगणात आलेल्याला पाहिल्याशिवाय परीक्षकाला सोडता येत नाही, ही युक्ती मुलीचीच. आईला मात्र दोघांनी काही कळू दिलं नव्हतं.

"शेपूटही थोडं वर वळतं," तो म्हणाला.

"कुत्र्याचं शेपूट ते. तुम्ही सांगून सरळ होणार आहे का? चालवून दाखवा."

तो धावला. पट्टा त्याच्याच पायांत अडकला, तो सावरला, लोक हसले. बाईंनी सहज दोरीपलीकडे पाहिलं. सगळे कुत्र्याकडे बघत होते. एकटी त्यांची मुलगी माणसाकडे बघत होती, आणि तोंडाचा रंग उडाला होता तिच्या. दहा हातांवरून कुत्र्याचं लंगडणं टिपणाऱ्या बाईंना आणखी काही सांगावं लागलं नाही.

"पुन्हा एकदा," त्या म्हणाल्या.

बाकीच्या तिघा मालकांनी एकमेकांकडे पाहिलं. या कुत्र्यात बाईंना असं काय दिसलं? बाईंनी या खेपेला कुत्र्याकडे पाहिलंच नाही. माणसाचे खांदे पडलेले, चाल बरी. अर्ध्या फेरीत कुत्रा दमला, तसा हाही हळू झाला. पट्टा ओढला नाही की दटावलं नाही. बाईंना तो आवडला, आणि आपल्याला तो आवडला याचा थोडा रागही आला.

"कुत्र्याचे दोष सांगितलेत," तो धापा टाकत परत आल्यावर त्या हळूच म्हणाल्या. "आता तुमचे सांगा."

चष्मेवाला गडबडला. त्यानं मुलीकडे पाहिलं, मग बाईंकडे. आपलं पितळ उघडं पडलंय हे त्याला कळलं. पण सवय जात नाही.

"घोरतो. चष्म्याशिवाय समोरचा माणूस ओळखत नाही. आणि घाबरलो की फार बोलतो."

"ते कळलं," बाई म्हणाल्या आणि पुढच्या कुत्र्याकडे वळल्या.

निकाल लागला. चार कुत्र्यांत त्याचा चौथा. बाईंनी नियमाप्रमाणे कारण सांगितलं, "पाठ चांगली, स्वभाव उत्तम, मागचा पाय कच्चा, शेपूट वाकडं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "यापुढे याला माझ्या रिंगणात आणू नका."

चष्मेवाल्याचं तोंड एवढंसं झालं. "पाय सुधारला तरी?"

"सुधारला तरी. घरातल्या माणसांचे कुत्रे आम्हाला तपासता येत नाहीत," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या गटाला आत बोलावलं.