घाईचा होकार

नमस्कार करून उठताना कुमुदिनीला हिंदुरावांच्या पावलावर स्वतःच्याच बोटांचे खळगे दिसले. ती पुन्हा वाकली आणि घोट्याच्या वर अंगठ्याने दाबून पाहिलं. तिथेही खळगा पडला, आणि भरून यायचं नाव घेईना.

"झाला की नमस्कार," तिची आई पुटपुटली.

सत्याऐंशी सालचा रविवार होता. अंबरनाथच्या कामगार वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांत बदलापूरहून पाहुणे मुलगी बघायला आले होते. हिंदुराव, त्यांची बायको कौसाबाई आणि मुलगा धर्मराज. मान खाली घालून बसायचं, विचारलं तेवढंच बोलायचं, असं कुमुदिनीला सकाळपासून बजावून झालं होतं. पण ती नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, आणि समोरच्या माणसाला एका दमात वाक्य पुरं करता येत नव्हतं. ओठ निळसर पडले होते, मानेवरची शीर फुगली होती.

"काका, रात्री झोपताना उशा किती घेता?"

मुलगी बघायला आलेल्यांना असा प्रश्न कुणी विचारल्याचं कुणाच्याच ऐकिवात नव्हतं.

"उशा कसल्या गं बाई," कौसाबाई म्हणाल्या. "पडलं की दम लागतो. भिंतीला टेकून बसूनच झोपतात. वय झालं आता."

कुमुदिनीने सरळ हिंदुरावांचं मनगट हातात घेतलं. नाडी पळत होती, मध्येच अडखळत होती.

"हे वयाचं नाही. हृदयाला काम झेपत नाहीये, म्हणून अंगात पाणी साठलंय. यांना आत्ता दवाखान्यात न्यायला हवं."

"जाईन की," हिंदुराव धापा टाकत हसले. "आधी पोराचं... ठरू दे. आजाऱ्याच्या घरात... कोण मुलगी देतं? ठरल्याशिवाय... मी हलायचा नाही."

कौसाबाईंनी विनवलं, धर्मराजने विनवलं. म्हातारा खुर्चीचे हात घट्ट धरून बसला.

"मग ठरलं," कुमुदिनी म्हणाली. "मला मुलगा पसंत आहे. उठा."

तिच्या आईच्या हातातली पोह्यांची बशी कलंडली. तिचे वडील दिनानाथ "अगं..." एवढंच म्हणाले आणि पायात चप्पल न घालताच रिक्षा आणायला धावले. कुमुदिनीने तोवर मान वर करून मुलाकडे पाहिलंही नव्हतं.

रिक्षात हिंदुराव मध्ये आणि दोन बाजूंना ती दोघं बसली. बाकीचे मागच्या रिक्षात. "यांना आडवं होऊ देऊ नका, बसतंच ठेवा," असं तिने धर्मराजला एकदा सांगितलं आणि नाडीवर बोटं ठेवून ती हिंदुरावांची छाती बघत राहिली. उल्हासनगरच्या सरकारी इस्पितळापर्यंत रस्त्यापेक्षा खड्डेच जास्त. "पडू दे रे जरा," म्हणत हिंदुराव मुलाला शिव्या देत होते. रिक्षावालाही वैतागून म्हणाला, "अरे, सुला दो ना बाबा को!"

इस्पितळात ऑक्सिजन लावला, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत भांडं दोनदा रिकामं करावं लागलं, आणि हिंदुरावांचा श्वास खाली बसला. ओठांवर रंग आला. मग त्यांनी कुमुदिनीला खुणेने जवळ बोलावलं.

"पोरी, मला उठवायला तू हो म्हणालीस, ते काय मला कळत नाही? तो होकार मी धरत नाही. सावकाश विचार कर. पोराला तर तू नीट पाहिलंससुद्धा नाहीस."

धर्मराज दाराशी भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान खाली घातली.

"पाहिलंय, मामंजी," कुमुदिनी चादर सारखी करत म्हणाली. "तुम्ही एवढ्या शिव्या घातल्यात, रिक्षावालाही ओरडला, पण तुमच्या पाठीमागचा खांदा काही काढून घेतला नाही त्यांनी."