तिघींतली एक

"बोला मावशी. टॉल," इंग्रजीचे सर म्हणाले.

हॉटेलच्या जेवणघरात तिघी भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. सरांची पद्धतच तशी. तिघींना उभं करायचं, एक शब्द द्यायचा आणि एकीनं तिघींची तुलना करून दाखवायची. आज समोर मॅनेजरसाहेबही येऊन बसले होते. रिसेप्शनची खुर्ची रिकामी झाली होती. खोल्या आवरणाऱ्या बायकांत जिचं इंग्रजी सगळ्यात चांगलं, तिला तिथं बसवणार, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

मावशीला ती खुर्ची हवी होती. गुडघे पार कामातून गेले होते तिचे. संडास घासायला बसलं की उठताना डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून तर पलंगावर चादर ताणतानाही ती पुटपुटायची, बिग, बिगर, बिगेस्ट. बाकीच्या फिदीफिदी हसायच्या. हसू देत की!

आणि मावशी तरी कुणाची? साहेब तिच्याहून चांगले दोन-तीन वर्षांनी मोठे, पण तेही तिला मावशीच म्हणायचे.

"शी इज टॉल. शी इज टॉलर. आय ॲम द टॉलेस्ट," मावशीनं धडाधड म्हणून टाकलं.

"फास्ट?"

"आय ॲम द फास्टेस्ट." ते तर खरंच होतं.

मग सरांनी अवघड शब्द काढला. एक्स्पिरिअन्स्ड. शेजारच्या नव्या पोरीला टॉलसुद्धा धड जमलं नव्हतं, ती नुसती आ वासून बघत राहिली. मावशीनं श्वास घेतला.

"आय ॲम द मोस्ट एक्स्पिरिअन्स्ड."

"वा! लांब शब्दाला मोस्ट, बरोब्बर लक्षात ठेवलंत!" सरांनी टाळी वाजवली. मावशी चक्क लाजली.

"आता एक मी देतो," साहेब म्हणाले. ते नव्या पोरीकडं बघत होते. "ओल्ड."

मावशीनं सरांकडं बघितलं.

"काय मावशी, येत नाही? सोप्पा तर आहे."

येत नाही म्हणावं तर खुर्ची गेली. येतं म्हणावं तर आपण सगळ्यांत म्हातारी, हे आपल्याच तोंडानं सांगायचं. मेल्यानं बरोबर कोंडीत पकडलं होतं.

"शी इज ओल्ड," मावशी नव्या पोरीकडं बोट करत म्हणाली. "शी इज ओल्डर." मग मान ताठ करून, खणखणीत आवाजात, "आय ॲम द ओल्डेस्ट."

साहेब मागे रेलून खदाखदा हसले. "मी काही बोललो नाही हं! त्यांचं त्यांनीच सांगितलं." सगळे हसले. सरही हसले.

"रिसेप्शनला कसा, टवटवीत चेहरा हवा," साहेब उठत म्हणाले आणि नव्या पोरीला उद्यापासून खुर्चीवर बसायला सांगितलं. "मावशी, हिचं इंग्रजी तेवढं करून घ्या. तुम्हाला येतंच आहे."

दुसऱ्या दिवशी मावशी गुडघ्यांवर बसून रिसेप्शनसमोरची फरशी पुसत होती. पोरगी खुर्चीतून वाकली.

"मावशी, कालचं ते लांबलचक वाक्य काय होतं हो? साहेब म्हणाले, पाहुण्यांना तेच सांगत जा. आय ॲम मोस्ट..."

"मोस्टच्या आधी 'द' म्हण."

"आय ॲम द मोस्ट एक्स्पिरिअन्स्ड."

"आता बरोबर," मावशी म्हणाली आणि तिनं बादली पुढं सरकवली.