भागीरथाबाईंचा भूप

१९७९ साली अर्धांगवायूनं भागीरथाबाईंची वाचा गेली आणि हिंगणीतल्या त्यांच्या घरातलं गाणं थांबलं.

त्यांची मुलगी शेवंता हिला गळा नव्हता. तिनं गिरडच्या जत्रेतून आणलेला मातीचा पावा काढला. मुठीएवढा, आतून पोकळ, वर सहा भोकं. आईची भूपातली आवडती बंदिश ती त्यावर बसवू लागली. सूर चुकला की आई डाव्या हाताचं बोट खाटेवर आपटायची. शेवंता हसून पुन्हा फुंकायची.

महिन्याभरानं एका संध्याकाळी पहिली ओळ न चुकता वाजली. तेवढ्यात शेजारच्या आनंदाबाई दारात आल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"काकूची वाचा आली, अन् तू सांगतलं नाई मले?"

"नाई वो, मी पावा वाजवत होती."

"पावा त ऐकू येऊनच राह्यला होता. त्याच्यासंग काकू गाऊन राह्यली होती. मी ओट्यावर उभी राहून ऐकलं."

शेवंतानं आईकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते.

"तुमी पुन्हा ओट्यावर जा," ती म्हणाली.

तिनं तीच ओळ वाजवली. खोलीत पाव्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. मग पावा मांडीवर ठेवून तिनं आईच्या गळ्याला अलगद हात लावला. गळा अगदी निश्चल होता. आई मायेनं तिच्याकडे पाहत होती.

"काय ऐकू आलं?" शेवंतानं हाक मारून विचारलं.

"हळू बोल," बाहेरून आनंदाबाई म्हणाल्या. "अजून गाऊन राह्यली ते."