पाठीमागे नुसतं आकाश

अर्लन स्कारला त्या सकाळी दोनपैकी एक गोष्ट मिळणार होती, आणि कुठलीही मिळाली तरी फायदा त्याचाच होता. एक म्हणजे दहा टोकांच्या शिंगांचा तो हरणाचा नर, ज्याच्यावर तो तीन वर्षं डोळा ठेवून होता. नाहीतर एखाद्या पोराची चूक.

चूक जास्त कामाची होती. ऑक्टोबरात धनुष्यबाणवाल्यांचा हंगाम ऐन रंगात असताना सरकारने मधले दोन दिवस पोरांना बंदुकीने शिकार करायला देऊन टाकले होते. ते बंद व्हावेत म्हणून अर्लनने एकशे ब्याऐंशी सह्या जमवल्या होत्या. मंगळवारी काउंटीची सभा होती. सह्या होत्या, भाषण होतं, किस्सा तेवढा नव्हता. पोरं नेम धरतात, पण हरणाच्या मागे काय आहे ते बघत नाहीत, हे तो गावातल्या दोन्ही बारमध्ये सांगून चुकला होता. "मग अजून कोणाला गोळी लागली कशी नाही रे?" असं कोणीतरी विचारायचं, आणि लोक ग्लासात बघून हसायचे.

या दोन दिवसांत रानात शिरणाऱ्या प्रत्येकाने, धनुष्यवाल्यानेसुद्धा, भडक नारिंगी घालायचं असा नियम होता. अर्लनचं नारिंगी जाकीट झाडाच्या बुंध्याशी पिशवीत होतं. तेहतीस वर्षं सालीच्या रंगाचे कपडे घालून बसलेल्या माणसाने शाळकरी पोरांसाठी भोपळा का व्हायचं?

साडेसातला नर आला. टेकडीच्या माथ्यावर आडवा उभा राहिला, बाणाच्या टप्प्यापलीकडे दहाएक पावलं. अर्लनचं मचाण माथ्याच्या अलीकडच्या उतारावर ओकच्या झाडाला बांधलेलं होतं, बसल्या जागेवरून माथ्यापलीकडचं दिसेल इतकं उंच. पलीकडे खाली त्याला दोन नारिंगी टोप्या दिसल्या. गिरणीतला डेल ब्रेके आणि त्याची तेरा वर्षांची टेसा. बंदूक नियमाप्रमाणे एकच, आणि ती पोरीच्या हातात.

बंदूक वर आली. अर्लनला आधी बरंच वाटलं. किस्सा मिळत होता.

मग त्याच्या लक्षात आलं की किश्श्यात तो स्वतः आहे. नळी खालून वर रोखलेली होती, मधे नर होता, आणि नराच्या पाठीच्या रेषेत, चाळीस पावलं मागे, अर्लनची छाती होती.

ओरडलं तर नर जाणार. शिवाय झाडावर बिननारिंगीचा अर्लन स्कार सापडणार, तो दंड वेगळा. नाही ओरडलं तर पोरगी मारील, आणि नेम चुकला तर मंगळवारचं भाषण दुसऱ्या कोणाला तरी करावं लागेल. त्याने तोंड उघडलं. आवाज काही आला नाही. डेल पोरीच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटत होता. काय ते ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून कळत होतं. मार. मार.

नळी हलेना. नराने शेपूट एकदा झटकली. अर्लनच्या हातातलं धनुष्य खोडाला घासून बारीक कुरकुरलं.

टेसाने बंदूक खाली घेतली.

नर फुरफुरला आणि दोन उड्यांत रानात नाहीसा झाला.

"तीस सेकंद उभा होता तो," डेल म्हणाला. आता त्याला आवाज दाबायचं कारण उरलं नव्हतं. "तीस. फोटो काढून घ्यायला थांबल्यासारखा."

"मागे माती नव्हती, बाबा. नुसतं आकाश होतं."

"मग?"

"आणि ते झाड. त्याचं खोड वर जाड दिसत होतं. खाली बारीक आणि वर जाड."

"झाडं असतात तशी."

"शिकारीच्या क्लासमध्ये मिसेस होल्टे म्हणाल्या होत्या, मागे माती दिसत नसेल तर गोळी कुठे जाईल ते..."

"मिसेस होल्टेंच्या फ्रीजरमध्ये काय आहे, बघ जाऊन एकदा. मटार."

टेसा माथ्याकडे, नेमकी त्या ओककडे बघत राहिली. अर्लनने श्वाससुद्धा घेतला नाही.

"घाबरलीस तर घाबरले म्हण. त्यात काय?" डेल म्हणाला. "पण झाडावर ढकलू नकोस. पुढच्या वर्षी तुझा भाऊ कोल बारा पूर्ण करतोय. त्याला आणतो. तू राहा आईबरोबर."

"मी घाबरले नव्हते."

"बरं."

एक वाक्य पुरलं असतं. डेल, मी इथे बसलोय, पोरीने बरोबर केलं. अर्लनने त्या वाक्याची किंमत मनातल्या मनात काढली. दंड झाला. एकशे ब्याऐंशी सह्या पाण्यात गेल्या. दोन्ही बारमध्ये निदान पाच वर्षांचं हसू झालं. आणि वर मंगळवारी हीच पोरगी पोरांच्या शिकारीच्या बाजूची साक्षीदार म्हणून उभी राहणार. वाक्य महाग पडत होतं. तो ते बोलला नाही.

टेसाने शिकवल्याप्रमाणे बंदुकीतून गोळ्या काढल्या, मोकळी नळी बापाला दाखवली आणि बंदूक त्याच्या हातात दिली. दोघं खाली निघाली.

नराला ओरखडासुद्धा उठला नव्हता. अर्लनची कातडी शाबूत होती, भाषणही. डेलने कोणावर तरी चिडून घेतलं होतं, त्याला तेवढं पुरे होतं.

उतार संपून कुंपणापाशी पोचेपर्यंत टेसाने तीनदा "सॉरी, बाबा" म्हटलं. सकाळ शांत होती. अर्लनला तिन्ही वेळा नीट ऐकू आलं.