लाल फुलांचं शेत

सकाळी मनीनं लाल तुकडे एका झाकणात आणि हिरवे दुसऱ्या झाकणात निवडून ठेवले होते. संध्याकाळी कामावरून येऊन बघते तर सगळी सरमिसळ. वर टेबलाच्या मधोमध, जिथे तिनं अजून हातसुद्धा लावला नव्हता, तिथे चित्रातलं तळहाताएवढं गवत कुणीतरी लावून ठेवलेलं.

मनी रंगाच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक पडद्याची चिंधी घेऊन येणार, भिंत अश्शीच पाहिजे म्हणून हटून बसणार, आणि मनी डब्यात चार थेंब इकडचे, दोन तिकडचे टाकून हुबेहूब ती छटा काढून देणार. घरी आली की वेड एकच, मोठमोठ्या चित्रकारांच्या चित्रांची जिगसॉ कोडी लावायची. सध्याचं चित्र म्हणजे हिरव्यागार गवतात नुसती लाल फुलंच फुलं. आधी चारी कडा लावायच्या, मग रंग निवडायचे, मग एकेका तुकड्यापायी मान मोडून घ्यायची. आभाळानं तर रडवलंच होतं तिला, सगळीकडे तीच ती निळाई. पण दहा ठिकाणी नाक घासून आलेला तुकडा अकराव्या जागी टक् करून बसला, की तिला असं वाटायचं, आता कुणी हाक मारू नये.

आणि त्या तुकड्यांना तिच्याशिवाय कुणीतरी हात लावला होता.

नवरा रेल्वेत ड्रायव्हर. ड्युटी कधीही लागायची, त्यामुळे ती कामावर असताना पुष्कळदा तो घरी एकटाच. तिनं विचारलं तर म्हणाला, मला काय कळतंय त्यातलं, वाऱ्यानं उडाले असतील.

खिडकी बंद होती. आणि ओट्यावर दोन कप विसळून पालथे घातले होते.

झालं, मनीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. तिनं धाकट्या बहिणीला फोन लावला. ती आगीत तेल ओतायला टपलेलीच. भाऊजी हल्ली वागतात कसे, हे तिनं असं काही विचारलं की मनीला एकेक आठवायला लागलं. परवा तो एका पायात तांबडा आणि एका पायात हिरवा मोजा घालून घरी आला होता. तिनं नवाकोरा हिरवा ड्रेस घातला, तर म्हणाला, तपकिरी शोभतो हं तुला.

"ताई, मोजे असे घाईघाईत कुठे चढवतो गं माणूस?" बहीण म्हणाली. "आणि तपकिरी ड्रेस तुझ्याकडे नाहीच. ज्या कुणाकडे आहे, ती तुझ्या खुर्चीत बसून तुझे तुकडे लावतेय."

मनीनं माळ्यावरची बॅग काढून चार कपडे कोंबले. रंगेहाथ पकडायचं आणि तडक बहिणीकडे निघून जायचं, संसार गेला खड्ड्यात. दुसऱ्या दिवशी मालकाला पोटदुखीचं सांगून ती दुपारीच सटकली. मांजरीच्या पावलांनी जिना चढली, आवाज न करता किल्ली फिरवली आणि दार ढकललं.

नवरा तिच्या खुर्चीत बसला होता. एकटा. तिला बघून ताडकन उठला, तशी खुर्चीच पडली.

मनीनं न्हाणीघर पाहिलं, पडदा ओढून पाहिला, वाकून पलंगाखालीही पाहिलं.

"कुठंय ती?"

"कोण ती?"

तिची नजर टेबलाकडे गेली. तिचे सगळे मोकळे तुकडे पालथे घातलेले. चित्र खाली, पुठ्ठा वर. आणि नवऱ्यानं नुसत्या आकारावरून, खाच बघून खुंटी बघून, बराच मोठा भाग जुळवत आणला होता.

पालथे का, तिनं विचारलं.

"मला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही," तो म्हणाला. "लहानपणापासून. तू हे लावतेस तेव्हा चेहरा काय खुलतो तुझा. वाटलं, आपणही शिकावं आणि एक दिवस शेजारी येऊन बसावं. रंगावरून जमेना, मग हे असं."

मनी मटकन खालीच बसली. ते मोजे. तो ड्रेस. आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. बाई नव्हती, कुठलीच बाई नव्हती. तिनं उठून त्याला घट्ट मिठी मारली, बॅग पायानंच पलंगाखाली सारली. आणि मग एकदम तिच्या अंगावर काटा आला.

"अहो, आणि सिग्नल?"

तो तिची समजूत घालायला लागला. डोळ्यांच्या तपासणीतले रंगीत ठिपक्यांचे तक्ते त्याला तोंडपाठ होते. आणि गाडीत तो एकटा थोडाच असतो? सिग्नल दिसला की सहाय्यकानं आधी मोठ्यानं रंग म्हणायचा, मागून ड्रायव्हरनं तोच म्हणायचा, असा नियमच होता. जुना सहाय्यक खणखणीत ओरडायचा, कधी काही अडलं नाही. तो गेल्या आठवड्यात निवृत्त झाला, पण त्याच्या जागी ढब्बू आलाय, दुसऱ्या डेपोतला मुरलेला माणूस. काल ओळख करून घ्यायला येऊन चहा पिऊन गेला. आज दोघांची पहिलीच फेरी.

मनीच्या जिवात जीव आला. दुसरा कप कुणाचा तेही कळलं. तिनं स्वतः शोधून त्याला एका रंगाचे मोजे दिले.

तेवढ्यात दार वाजलं. ढब्बूच होता, नावासारखाच गोल आणि हसरा. चला, गाडीची वेळ झाली, म्हणाला. मनीला वाटलं, एकदा खात्री करून घेतलेली बरी. तिनं एक तुकडा उलटून त्याच्यापुढे धरला.

"भाऊ, रंग कुठला हो हा?"

ढब्बूनं तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरला, फिरवून फिरवून पाहिला. मग नवऱ्याकडे वळून गोड हसला.

"आधी तुम्ही म्हणा ना साहेब," तो म्हणाला. "मी पहिल्यापासून ड्रायव्हरच्या मागूनच म्हणतो."