तालीम सोडताना

अण्णांच्या कोपरानं रणधीरचं नाक फुटलं. तालीम सोडणाऱ्यानं जाण्याआधी वस्तादाशी एक कुस्ती धरायची, हा तिथला रिवाज. आणि वस्ताद म्हणजे रणधीरचा बापच, अण्णा. गावचं कॉलेज अर्ध्यावर सोडून तो मुंबईच्या नामांकित बिझनेस कॉलेजात चालला होता.

रक्त पुसून त्यानं अण्णांना खाली आणलं. पण त्यांचा दुखरा खांदा हाताखाली येताच पकड सैल केली. तशी सण्णकन कानाखाली बसली.

“बापाची कीव करतोस व्हय? शिकून बड्या बँकेत जायचंय न्हवं? तिथं तुला कच्चा खातील. धर परत!”

या वेळी रणधीरनं तोच खांदा पिरगाळला. हाड कटकन मोडलं. मातीत पडलेले अण्णा कण्हत हसले, “आता जा.”

रणधीरचे पाय उचलेनात. ते हाड मोडताना त्याला बरं वाटलं होतं.